आईचा आवाज असलेली डिस्क

दादा,

कॉम्प्युटर चालू आहे, त्याला हात लावू नकोस. प्लगही काढू नकोस. काल नवी सिस्टिम टाकताना माझ्या हातून डिस्कचा दुसरा भाग बिघडला. घशाच्या ऑपरेशनआधी आईचा आवाज आपण त्यातच साठवला होता. दुरुस्तीवाले म्हणाले, "त्यावर नवीन काही साठवू नका, सापडतील तेवढ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवा." सकाळपासून एकशे चाळीसपैकी एकवीस मिळाल्यात. एक लावून पाहिली. आई तुझ्यावर ओरडत होती, "आधी जेव, मग पळ!"

मी तिला आणायला हॉस्पिटलात जातेय. तिला मीच सांगेन. तू फक्त तिच्यासमोर माझ्यावर चिडू नकोस. आपण भांडलो, तर आता तिला ओरडून थांबवताही येणार नाही.

छोटी