बापाचं देवक

बाबा, माझं सगळं बदललं ते परवा, आत्याने चुलीपुढे बसून तुझी नक्कल केली तेव्हा. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज मला आठवतच नव्हता. तिने तो मान तिरकी करून जस्साच्या तस्सा काढला, आणि मी हातातला भाकरीचा तुकडा तसाच धरून बसलो. खरं तर मी बसायलाही आलो नव्हतो. देवक विचारायचं आणि मागे फिरायचं, एवढंच ठरवून आलो होतो. दारात उभा राहिलो तेव्हा गाडीसुद्धा चालूच ठेवली होती.

झालं असं, की मला लग्न करायचंय. शहापूरला कॉलेजात भेटलेली पोरगी आहे. तिच्यावरून एकाने टोमणा मारला, मी त्याला वर्गातच धरला, सरांनी माफी माग म्हटलं तर माफी मागण्यापेक्षा कॉलेजच सोडलं. दुसऱ्या वर्षाला होतो. आता आसनगावला टेम्पो चालवतो. माझं डोकं तापतं ते बापाकडून आलंय, असं मामा लहानपणापासून सांगत आला. तर तिचे वडील बोलणी करायला धसईला, मामाच्या घरी आले. चहा झाला आणि त्यांनी विचारलं, "देवक काय तुमचं?" दोन्हीकडचं एकच निघालं तर सोयरीक होत नाही, म्हणून हे आधी विचारतात. मामाने बेधडक स्वतःच्या घराचं सांगून टाकलं, "उंबर." म्हातारा गालात हसला. "अहो मामा, देवक बापाचं चालतं. पोरगा काय उंबराला लागला होता?" सगळी बैठक हसली. आई दाराआड उभी होती. तिला ठाऊक असणारच, पण ती बोलली नाही. मी उठलो, मोटारसायकल काढली आणि विचारत विचारत डोळखांबच्या बाजूला तुझ्या घरी आलो. ज्या घराचं नाव काढलं तरी मामाकडे ताट आपटायचं, त्या घरी.

दार आत्याने उघडलं. मी कोण ते सांगावं लागलं नाही. "गाडी बंद कर आधी," ती म्हणाली, "कोंबड्या भितात." मग जेवायला वाढलं. जेवता जेवता मी तिला ते विचारलं, जे मी त्या पोरीलाही कधी सांगितलं नव्हतं. कोर्टात मी जे बोललो, ते बाबाला खरं वाटलं होतं का?

आई मला घेऊन मामाकडे राहायला आली, तेव्हापासून तू बाजाराच्या दिवशी धसईला यायचास. तू अंगणात पाय ठेवलास की मामी मला माळ्यावर चढवायची आणि शिडी काढून घ्यायची. खाली तू मोठमोठ्याने बोलतोयस. पवळ्या बैल लंगडतोय, रानडुकरांनी भात तुडवलंय, विहिरीत कासव निघालं. समोर मामा गप्प उभा, आणि तू आपला सांगतोयस. मामी खालून पुटपुटते, "बघ, पिऊन बरळतोय." मी अंधारात गोणीला चिकटून बसतो, कारण पिऊन आलेला माणूस पोरं पळवतो, असं मला सांगितलेलं असतं. मग मी कुणाकडे राहायचं ते ठरवायचा कोर्टाचा दिवस. एसटीत मामा माझ्याकडून वाक्यं घोकून घेतोय. बाबा पिऊन मारतो, मला उपाशी ठेवतो, मला त्याच्याकडे जायचं नाही. तू मला एकदाच मारलं होतंस, आवणात शिरून भाताची रोपं तुडवली म्हणून, आणि संध्याकाळी खांद्यावर बसवून गावभर हिंडवलं होतंस. तरी जज्जसाहेबांनी विचारल्यावर मी सगळं म्हणून टाकलं, तुझ्यासमोर. तू माझ्याकडे बघत होतास. मी आठवीत असताना तू काविळीने गेल्याचं कळलं. मामाने मातीलाही पाठवलं नाही. तेव्हापासून मी धरून चाललो होतो, की माझे ते शब्द उराशी घेऊनच तू गेलास.

आत्या आधी हसली, मग तिने तुझी नक्कल केली. तू कोर्टातून आलास, टोपी काढून गुडघ्यावर आपटलीस आणि म्हणालास, "गो बाय, पोर लय हुशार झाला! शाळंत दोन ओळी पाठ होत नव्हत्या, आज वकिलासारखा धडाधडा बोलला. एक शब्द अडला नाय!" घरातली सगळी रडत होती आणि तू हसत होतास. मग जरा वेळाने म्हणालास, "ते बोलणं त्याचं नाय. पण त्याला परत तिथं उभा नाय करायचा. लहान पोराला किती वेळा खोटं बोलाय लावायचं?" आणि केस सोडलीस.

"पण मग दर बाजाराला पिऊन का यायचा?" मी विचारलं.

"कोण, तो?" आत्या म्हणाली. "त्याला ताडी पचत नव्हती. एकदा प्याला नि दोन दिस ओकत पडला. आरं, तू माळ्यावर असतोस हे त्याला ठावं होतं. मामाला काय करायचंय कासवाशी?"

बाबा, मी खूप वेळ हसलो. छातीवरची भाताची गोण कुणी उतरवून घ्यावी, तसं झालं. मग आत्या आईवर घसरली, तिच्यामुळेच सगळं झालं म्हणाली. मी म्हटलं, "आत्या, तिचं नाय बोलायचं. एकदा एका बाजूचं पाठ केलंय, आता दुसऱ्या बाजूचं नाय करणार." "बापावर गेलास," ती म्हणाली, आणि वर आणखी आमटी वाढली. तुमचं का बिनसलं ते मला आजही ठाऊक नाही, आणि नसलं तरी चालेल.

आपलं देवक कळंब आहे, आत्याने सांगितलं. पोरीकडचं वेगळं आहे. लग्न होईल.

हे सगळं लिहून काढलं, पण हा कागद कुठे जायचा नाही, खिशातच राहील. एकच कबूल करतो. बैठकीतून उठून कामावर गेलो आणि दोन दिवस टेम्पो मुरबाडला बंद पडलाय, असं मी आईला फोनवर सांगितलंय. आज तिला खरं सांगणार आहे, आणि तू अंगणात काय काय बोलायचास तेही. ती काय म्हणेल ठाऊक नाही, पण या वेळी मी ओरडणार नाही. आत्या मघाशीच शेतावर गेली. जाताना म्हणाली, निघशील तेव्हा दार नीट लाव, कडी सैल आहे, जरा वर उचलून घालावी लागते. निघालो. कडी उचलून घातली.