अकरा काळे कागद

४ सप्टेंबर १९४३
पक्षसचिव एसिर्केपने कचेरीत बोलावलं. टेबलावर आघाडीवरून आलेले अकरा काळे कागद – गावची अकरा पोरं गेली. म्हणाला, "शाहीर, गहू घरात येईपर्यंत कुणालाही सांगायचं नाही. बायका रडत बसल्या तर कापणी कोण करणार? वरचा हुकूम आहे. तुम्ही विजयाची कवनं गा."

आम्हा कझाकांत मरणाची बातमी कुणी तोंडावर फेकत नाही. शाहिराने दोन तारांचा दोंब्रा घेऊन दारी जायचं, कवनातून हळूहळू सांगायचं. चाळीस वर्षं हे काम माझं! पण हो म्हटलं. विजयाची कवनं काय, हवी तेवढी पाडेन. जिल्ह्यात माझ्या तोडीचा आहे कोण?

७ सप्टेंबर
फजिती! शेतावर दोंब्रा काढला मात्र – सगळ्या बायकांचे विळे थांबले. उल्मेकेन म्हातारी ओरडली, "कुणाचा? आधी नाव सांगा!" विजयाचं कवन रेटून गायलो. एकीनेही ऐकलं नाही. नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

८ सप्टेंबर
उल्मेकेन आली. "माझ्या पोराला पत्र धाडायचंय. चार ओळी रचून द्या." तिच्या पोराचा कागद त्या अकरांत आहे. दिल्या रचून. जमल्याही झकास. लाज वाटते.

१५ सप्टेंबर
एसिर्केप घरी आला. टोपी हातात. बारावा कागद – त्याचाच थोरला.
"बायकोला सांगायची हिंमत होत नाही. तुम्ही चला."
म्हटलं, "येतो की! पण आधी अकरा घरं. तुमचं बारावं."
"निम्मा गहू उभा आहे, शाहीर. जाब मला विचारतील."
"जाब तुम्ही द्या. कवन मी देतो."
त्याने टोपी डोक्यावर चढवली. म्हणाला, "उचला दोंब्रा."

१७ सप्टेंबर
बाराही घरं झाली. घसा पार बसलाय. उल्मेकेन मला धरून रडली. एसिर्केपच्या बायकोने, बालझानने, शेवटची ओळ दोनदा म्हणायला लावली.
आणि आज सगळ्या बायका शेतावर हजर – आपणहून! मी सांगतच होतो.

२० सप्टेंबर
जिल्ह्याहून दोघे आले. हुकूम कुणी मोडला? मी तयारच उभा होतो. पण एसिर्केपने आधीच लिहून दिलं होतं – सांगायला मीच लावलं, शाहीर नुसता हुकमाचा ताबेदार. त्याला घेऊन गेले.

बालझान शेतावर आहे. तिला अजून ठाऊक नाही. सगळे माझ्याकडे बघतायत. मेलेल्याचं कवन मला येतं. नेलेल्याचं कधी रचलेलं नाही.