परवान्याच्या आड आलेला रेडिओ

परवानावाले साहेब,

माझा मुलगा वीस वर्षं इस्पितळाच्या गेटवर रखवाली करतो. नव्या नियमाखाली तुम्ही त्याचा रखवालीचा परवाना नाकारलात, कारण पोलिसांच्या दप्तरात त्याच्या नावावर चोरीची जुनी तक्रार सापडली. त्याला एका शब्दाने विचारलंत का?

मीही विचारलं नव्हतं. घरातला रेडिओ दिसेना, म्हणून रागाच्या भरात त्या तक्रारीवर अंगठा मीच उठवला. आठवड्याने रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे निघाला. टाकला मीच होता! लाजेने तक्रार मागे घ्यायला गेलेच नाही. तक्रार कोणाची, हे त्याला अजून ठाऊक नाही.

हे लिहितेय त्याचीच लेक. बघा, पेन थांबलं. म्हणते, "आजी, आधी बाबांना सांग." आली मोठी न्यायाधीश! पण बरोबर बोलली. तोवर पत्र उशीखाली.

या वेळी अंगठा त्याला विचारूनच उठवीन.

त्याची आई