अडतीस उलट प्रश्न

ता. ४, मंगळवार

चि. भिंगरी हिस,
मावशीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

नोकरीला दोन महिने झाले आणि नोकरी काय ती तू एका ओळीत उरकलीस, की फोनवर बोलते. अगं, मीही चौतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये फोनवरच काढली, पण ताईला पत्र लिहायचे तेव्हा निदान शेजारच्या खुर्चीवर कोण बसतं ते तरी कळवायचे. मला फोन कर असं मात्र म्हणणार नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यावर आता घंटा वाजली की अंगावर काटा येतो. पत्रच बरं.

इकडे दुसरा विषयच नाही. सरकारातल्या पक्षानं आपलाच प्रमुख खाली उतरवला आणि दुसरा बसवला, हे मला सकाळी दात घासताना रेडिओवरून कळलं. निवडणूक नाही, हार नाही, आजारपण नाही. काल होते, आज नाहीत. आमच्या कॉन्व्हेंटात वर्गातून दोन मिनिटं बाहेर जायचं तरी उभं राहून पूर्ण वाक्यात कारण सांगावं लागे, आणि वाक्य अर्धवट राहिलं की सिस्टर खाली बसवायच्या. इथे आख्खा देश चालवणारा माणूस बाहेर गेला आणि कारण कोणी अर्ध्या वाक्यातही सांगेना!

खालचा चष्मेवाला म्हणतो, नव्या माणसाच्या चष्म्याचा नंबर जुन्यापेक्षा मोठा आहे, त्याला लांबचं दिसणार नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकांना एवढंच जाणून घ्यायचंय की नदीवरच्या पुलाच्या कोनशिलेवर आता कोणाचं नाव येणार. काल दाढेसाठी गेले होते, तर दातांच्या डॉक्टरांनी माझं मत विचारलं, तेही तोंडात कापसाचे बोळे कोंबून. मी हूं म्हटलं. त्यांनी मान डोलावली, जणू मी बदलाचं स्वागतच केलं. लोकमत म्हणतात ते असंच गोळा करत असावेत.

मला कोणी नीट विचारलं असतं तर काय काय सुनावलं असतं! पण विचारतंय कोण?

नोकरीचं सविस्तर लिही. आईबाबांना नमस्कार कळव. माझी आठवण पत्राच्या वेळेपुरती न ठेवता अधूनमधूनही काढत जा.

तुझी,
मावशी

•

ता. ९, रविवार

ती. मावशीस,
भिंगरीचे सा. न. वि. वि.

विचारतंय कोण म्हणतेस? मावशी, मीच विचारतेय! हसू नकोस. सर्वेक्षणाच्या कंपनीत आहे मी. कोणासाठी सर्वेक्षण करतो ते आम्हालाही सांगत नाहीत. लांबट खोली, चौदा खुर्च्या, कानाला यंत्र. माझी खुर्ची नववी. शेजारी आठव्या खुर्चीवर एक मुलगी बसते, ती प्रत्येक फोनआधी आवंढा गिळते. झालं तुझं समाधान?

यंत्र नंबर लावून देतं. आधी वाचून दाखवायचं, की तुमचं बोलणं बाहेर जाणार नाही. मग विचारायचं, की प्रमुख बदलल्याबद्दल तुम्हाला काय वाटतं. पडद्यावर तीन बटणं असतात: आनंद, नाराजी आणि सांगता येत नाही.

गंमत पुढेच आहे. गेल्या आठवड्यात मी एकसष्ट जणांशी बोलले. त्यातल्या अडतीस जणांनी उत्तर दिलंच नाही, मलाच उलट प्रश्न विचारला! शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी विचारलं, त्यांना आधी सांगून काढलं, की त्यांनाही आमच्यासारखं सकाळी रेडिओवरच कळलं? एक पाववाला म्हणाला, ज्यांनी हात वर करून काढलं त्यांनीच हात वर करून बसवलं होतं ना, मग हात चुकला कधी, तेव्हा की आता? एका नर्सला कळायला हवं होतं, की तिनं मत दिलं ते माणसाला की पक्षाला, आणि हे मत द्यायच्या आधी कोणी का सांगत नाही. एका आजोबांनी विचारलं, राजीनाम्याचं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं की लिहिलेल्यावर सही केली? रागानं नव्हतं कोणी बोलत. सगळ्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं, आणि फोनवर सापडलेली मी जणू माहीतगार.

प्रश्नासाठी बटण नाही. आमचे पर्यवेक्षक पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांना विचारलं, तर म्हणाले, तिसरं बटण दाब, वरच्या मजल्यावर तीनच रकाने चालतात. दुपारी मात्र डबा खाताना हळूच माझ्याजवळ आले आणि म्हणाले, ते प्रश्न एका वहीत उतरवून ठेव, फक्त वर दाखवू नकोस. आता रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन वही वाचतात आणि स्वतःशीच हसतात.

अडतीसही प्रश्न उतरवून सोबत पाठवतेय. तुझ्या करमणुकीसाठी, मावशी. हे तुझ्यामाझ्यातच राहू दे.

माझे तीन महिने एकवीस तारखेला भरतात. कायम झाले तर ठीक, नाहीतर बाबांनी आमच्या लॉन्ड्रीच्या काउंटरवर माझं स्टूल पुसून ठेवलंय. ते कपडे घेतील, मी चिठ्ठ्या टाचेन, आणि तिथून काही माझी सुटका व्हायची नाही.

दाढ कशी आहे? लोभ वाढत राहो, कमी झाला तर कारण पूर्ण वाक्यात कळव.

तुझी,
भिंगरी

•

ता. १३, गुरुवार

चि. भिंगरी हिस,
आशीर्वाद, वि. वि.

आजचा पेपर पाहिलास? पहिल्या पानावर आहे: सत्तापक्षातील बदलाबाबत जनता उदासीन, बासष्ट टक्के लोकांना काही सांगता येत नाही. उदासीन! चहा सांडला माझा. तुझा तो पाववाला उदासीन? ती नर्स उदासीन? पायताण कुठे चावतंय ते माणूस ओरडून विचारतोय आणि हे लिहून घेतात, की याला पायच नाहीत.

तुझा कागद मी चारदा वाचला. चष्मेवाल्याला एक प्रश्न नुसता ऐकवला, तर गिऱ्हाईक सोडून विचार करत बसला. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, इतके चांगले प्रश्न त्यांना तीस वर्षांत एकाही वर्गातून आले नाहीत.

मग मला राहवलं नाही. संपादकांना खरमरीत पत्र लिहिलं. वाचकांच्या पत्रांना जागा दीडवितीची, म्हणून अडतीसातले सात निवडले. शब्द मात्र जसेच्या तसे ठेवले, कारण त्यांना हात लावला की मजाच जाते. तुझं नाव नाही, कंपनीचं नाव नाही. लोक हे विचारत आहेत, एवढंच लिहून खाली स्वतःची सही केली. तेव्हा काळजीचं काही कारण नाही. छापतील असंही वाटत नाही, छापण्यासारखं असलं की ते छापत नाहीत.

दाढ काढली. डॉक्टर अजून बदलाच्या बाजूनं आहेत.

एकवीस तारखेसाठी शुभेच्छा. तिकडची खबर कळव आणि ममतेत काटकसर करू नकोस.

तुझी,
मावशी

•

ता. २०, गुरुवार

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

छापलं. सोमवारी, चौकटीत, सातही.

मंगळवारी दुपारी शिवणकामवाल्या बाईंचा कंपनीत फोन आला. तक्रार नव्हती. माझा प्रश्न पेपरात वाचला, म्हणाल्या, तर त्याचं उत्तर आलं का? एवढंच विचारायला त्यांनी नंबर शोधून काढला होता. फोन वरच्या मजल्यावर लागला. तिथल्या मॅडमनी पेपर मागवला, प्रश्न वाचला, आणि त्या बाईंशी कोणी बोललं होतं ते यंत्रानं लगेच दाखवलं. नववी खुर्ची.

मला बोलावतील म्हणून मी उठून उभी राहिले होते. मास्तर म्हणाले, बस खाली. स्वतःच वर गेले. नंतर कळलं, त्यांनी सांगितलं की प्रश्न उतरवायला मीच लावलं, मुलीला काही माहीत नाही, कागद माझ्याकडून बाहेर गेला. संध्याकाळी ते टेबल आवरताना दिसले. एक पट्टी, एक कप, स्वेटर. बुधवारी सकाळी त्यांच्या खुर्चीवर दुसरेच गृहस्थ, आणि फळ्यावर कागद: प्रशासकीय कारणास्तव बदल.

आता बाकीचे तेराजण जेवणाच्या सुट्टीत हेच विचारतात, की मास्तरांना का काढलं. आठव्या खुर्चीवरची म्हणते, तब्येत असेल. कोणी म्हणतं, दुसरीकडे मोठी नोकरी लागली असेल. मला माहीत आहे, आणि मी डबा खात असते. उद्या माझ्या हातात कायमचं पत्र पडणार आहे.

मी प्रत्येक माणसाला वाचून दाखवते, की तुमचं बोलणं बाहेर जाणार नाही. तुला ते एक्सचेंजमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं होतं ना? जोडून द्यायचं आणि कान काढून घ्यायचा. लहानपणी तूच सांगायचीस. चौतीस वर्षं पाळलंस, आणि मोडलंस ते माझ्या पत्रापाशी.

कागद मी तुला पाठवला, ही माझीही चूक आहे, मला कळतं. उपदेश नको. लोभ आहे, पण आज त्याबद्दल लिहावंसं वाटत नाही.

भिंगरी

•

ता. २२, शनिवार

चि. भिंगरी हिस,
आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र उभ्यानंच वाचलं.

समर्थन करत नाही. नाव घातलं नाही म्हणजे झालं, असं मी स्वतःला समजावलं होतं. एक्सचेंजमध्ये एखादीनं असं केलं असतं तर मीच सगळ्यात आधी तिच्या अंगावर धावले असते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना म्हणत आले. आता आरशासमोर म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

सोबत आणखी एक पत्र आहे, तुमच्या वरच्या मजल्यावरच्या मॅडमना. कागद मला कोणाकडून मिळाला, मी तो कोणाला न विचारता पेपरात कसा दिला आणि मास्तरांचा त्यात काही संबंध नाही, हे सगळं माझ्या सहीनं लिहिलंय. मिळाला कोणाकडून हे वगळून लिहायचा तीनदा प्रयत्न केला. जमलं नाही. तुझं नाव गाळलं की मास्तर सुटत नाहीत, आणि तुझं नाव घातलं की तू अडकतेस.

म्हणून पाकीट उघडं ठेवलंय. तिकीट लावलेलं आहे. टाकायचं की फाडायचं ते तू ठरव. फाडलंस तर मी पुन्हा कधी तो विषय काढणार नाही. या वेळी तुला विचारल्याशिवाय माझ्या घरातून एक शब्द बाहेर जाणार नाही.

तू काय ठरवशील हे जाणून घ्यायची मला फार उत्सुकता आहे. पण विचारत नाही.

तुझ्या मायेवर हक्क सांगायची आज माझी लायकी नाही. उरली असेल तेवढी ठेव.

तुझी,
मावशी

•

ता. २८, शुक्रवार

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तिकीट वाया गेलं. पत्र मी स्वतः वर नेऊन दिलं.

तुझं पाकीट सोमवारी मिळालं आणि मंगळवारी कामावर जाण्याआधीच मी ठरवलं. मॅडमनी दोनदा वाचलं. मग विचारलं, तुझी मावशी नेहमी असंच लिहिते का? मी म्हटलं, हे तर मवाळ आहे. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मास्तरांबद्दलचा निर्णय झालेला आहे, त्या जागी माणूस बसलेला आहे, आता तो हलणार नाही. माझं कायमचं पत्र त्यांनी परत मागून घेतलं. आणखी तीन महिने पाहू, म्हणाल्या. काढलं नाही, याची मीच दोनदा विचारून खात्री करून घेतली. बाबांना कळवलं, तर म्हणाले, स्टूल कुठे पळून जातंय?

खाली आल्यावर मी खोलीत उभी राहिले आणि मास्तरांना का काढलं ते सगळ्यांना सांगितलं. पूर्ण वाक्यात. दोघांनी तेव्हापासून माझ्याशी बोलणं सोडलंय. आठव्या खुर्चीवरचीनं विचारलं, विचारायचं सगळ्यांनी सोडलं होतं, मग आत्ताच का सांगितलंस? मला काही सांगता आलं नाही, मावशी. खरंच आलं नाही. इतके दिवस मी तिसरं बटण दाबत होते, पण त्याच्या पलीकडच्या माणसाला कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं.

काल मास्तरांच्या घरी गेले. दोन खोल्या, खिडकीत कोणाच्या तरी गणिताच्या वह्यांचा गठ्ठा. शिकवण्या पुन्हा सुरू केल्यात. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं. मी तुझं सगळं सांगितलं, माझंही. माफी मागायला आठ-दहा वाक्यं जुळवून नेली होती, त्यातली तीन झाली आणि त्यांनी हात वर केला.

म्हणाले, ते असू दे. त्या सोमवारी पेपर उघडला तेव्हा सगळ्यात आधी मी प्रश्न मोजले. अडतीसातले सातच का? उरलेले एकतीस कोणत्या नियमानं गाळले? राजीनाम्याचा घेतला आणि आजारपणाचा सोडला, हे कसं? आठवडाभर ते याच कोड्यात आहेत म्हणे, आणि तुझी निवड त्यांना मुळीच पटलेली नाही.

मी म्हटलं, मावशीला विचारून कळवते. ते म्हणाले, नको, तू मधे पडू नकोस.

त्यांचा पत्ता या कागदाच्या मागे लिहिला आहे. त्यांच्याच परवानगीनं. माफी आणि उत्तर, दोन्ही तूच लिही. ते रोज टपालाची वाट पाहणार आहेत.

माझा राग अजून थोडा शिल्लक आहे. तो संपेपर्यंत आणि नंतरही लोभ आहे तसाच असू दे.

तुझी,
भिंगरी