ब्राउनी थंड होईपर्यंत

५ ऑक्टोबर, रविवार. सातारा.

आजपासून नोंदी ठेवणार. कारण एक छोटा प्रकल्प: दिवाळीला घरी ब्राउनी करायची आणि सगळ्यांनी मिळून सजवायची.

पार्श्वभूमी, फक्त संदर्भासाठी. चंदनबाला आत्या दर चातुर्मासात गोड सोडते. साखर नाही, गूळ नाही, चहाही बिनसाखरेचा. दिवाळीच्या अमावास्येला पहाटे मंदिरात महावीर निर्वाणाचा लाडू चढवून आली की नियम सुटतो. मग साडेतीन महिन्यांतला पहिला गोड घास. गेली तीन वर्षं तो घास कीर्ती वहिनींच्या बेसन लाडवाचा आहे. गेल्या वर्षी मी साताऱ्याहून कंदी पेढे नेले होते. आत्या बाजारचं खात नाही, हे घेताना लक्षात राहिलं नाही. तिने डबा उघडून "लय छान वास हाय" म्हटलं आणि माझ्या भावाकडे, भरतेश दादाकडे, दिला. अठरा पेढे होते. मला काही वाटलं नाही.

आई गेल्यावर मला आत्याने वाढवलं. हेही संदर्भासाठीच.

ही स्पर्धा नाही. पहिला घास कशाचा घ्यायचा हा आत्याचा प्रश्न आहे. मी गिअरच्या कंपनीत हीट ट्रीटमेंटमध्ये क्वालिटी बघते. आमच्याकडे रोज ९३० अंशांवर गिअर तापतात. १८० अंशांवर पीठ भाजणं अवघड जाऊ नये.

८ ऑक्टोबर, बुधवार.

ओव्हन आला. डायल १८० वर ठेवून आत थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सोडला. मधोमध २१४, मागच्या उजव्या कोपऱ्यात २२१. करेक्शन चार्ट करून दारावर चिकटवला.

बॅच १. अंड्याऐवजी दही. कडेची जाडी ११ मिमी, मधली २४. सुरी आत गेली, बाहेर यायला वेळ लागला.

प्राथमिक यश.

९ ऑक्टोबर, गुरुवार.

बॅच १ कंपनीत नेली. सिद्धू फर्नेस चालवतो, त्याने एक तुकडा चावला, बराच वेळ चावला आणि म्हणाला, "मॅडम, हार्डनिंग झकास झालंय. टेम्परिंग ऱ्हायलं जनू."

मत नोंदवलं. (टेम्परिंग म्हणजे कडक झालेला गिअर पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवणं.) तो खाद्यपदार्थांतला तज्ज्ञ नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. संध्या. ७.

आत्याला फोन केला. बोलता बोलता सहज विचारलं, कडक नियम पाळणाऱ्या माणसासाठी केक वगैरे करायचा तर काय काय बघावं लागतं. तिने विचारलं, कुणासाठी. म्हटलं, कंपनीतल्या एकीला हवंय. जैनच आहे ती. आत्या म्हणाली, "जैन हाय आन तिला ठावं न्हाई व्हय?" म्हटलं, शहरात वाढली. "बरं," म्हणाली, आणि सांगायला लागली.

पीठ घरी दळलेलं. पावसाळ्यात ते तीनच दिवस चालतं, आणि कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पावसाळाच धरायचा. (बाहेर ऊन आहे, हे मी सांगितलं. ती म्हणाली, "असू दे की.") दही कालपेक्षा जुनं नको. लोणी चालत नाही, तूप चालतं. पण लोणी निघाल्यापासून दोन घटकांच्या आत कढवलेलं पाहिजे. केलेला पदार्थ त्याच दिवशी खायचा, दिवस मावळायच्या आत. उद्यावर गेला की शिळा.

दोन घटका म्हणजे ४८ मिनिटं. पाऊण तास नाही, तासभर नाही, ४८. आमच्या पुरवठादारांकडून मला इतका स्पष्ट आकडा कधी मिळालेला नाही. हे तिला बोलून दाखवलं नाही.

सूर्यास्त २१ तारखेला ६:०३, पंचांगावरून. मर्यादा निश्चित झाली.

१२ ऑक्टोबर, रविवार.

बॅच ३, ४, ५. गव्हाचं पीठ आणि तूप. बॅच ५ खरोखर चांगली. रहस्य थंड होण्यात आहे: मधलं तापमान ३० अंशांवर आल्याशिवाय कापायची नाही. साधारण दोन तास. आधी कापली तर चुरा होतो. ही अट कुणासाठीही शिथिल होणार नाही.

गावी वेगळी ट्रायल घ्यायची गरज नाही. ओव्हन तोच, पीठ तसंच, माणूस तोच.

१३ ऑक्टोबर, सोमवार.

सजावटीचं ड्रॉइंग पूर्ण. अष्टदल कमळ, व्यास ४० मिमी, सोळा नग. गुलाबी रंगासाठी बीट.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

बीट जमिनीखाली येतं, म्हणून चालत नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. रंग बदलून पिवळा केला. हळद वाळवलेली असल्यामुळे चालते.

१८ ऑक्टोबर, शनिवार. घरी.

ओव्हन घेऊन एसटीने आले. खिडकीकडच्या सीटवर ठेवला होता. कंडक्टर म्हणाले, ह्याचं लगेज लागंल. मी सांगितलं, वजन ९.२ किलो आहे. ते म्हणाले, "वजनाचं न्हाई ताई, त्यो सीटवर बसलाय." लगेज काढलं. उंब्रजला एक म्हाताऱ्या बाई चढल्या आणि मला म्हणाल्या, "त्याला उठवा की जरा." उठवला. तिथून सांगलीपर्यंत मांडीवर. गुडघ्यावर दाराच्या हँडलचा ठसा आहे.

वहिनींनी माझ्यासाठी अर्धा ओटा रिकामा करून ठेवला होता. फार मदत करतात. त्यामागे काय आहे ते कळेलच.

१९ ऑक्टोबर, रविवार.

सगळ्यांना बसवून प्रक्रिया समजावली. घटक ग्रॅममध्ये, वेळा मिनिटांत, ड्रॉइंग मागच्या पानावर. खाली दोन चौकटी: 'तयार करणार: प्रियदर्शनी' आणि 'मंजुरी', ती रिकामी. पत्रक फ्रिजला लावलं. भरतेश दादा म्हणाला, "एवढं तर ट्रॅक्टरच्या बुकात पन नसतंय." वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, ह्यात बेदाणे कुठं हाईत. नाहीत, म्हटलं. आपल्या बागेचे बेदाणे घरात असताना, म्हणाले, आणि चष्मा काढून ठेवला.

पत्रकाच्या शेवटच्या ओळीत 'दु. ३:००, वाटप (आत्या प्रथम)' असं आहे. ही विनंती नाही. वेळापत्रक आहे. आत्याने ती ओळ वाचली की नाही, कळलं नाही.

वहिनींना लाडवाचं माप विचारलं, केवळ तुलनेसाठी. "बसंल तेवढं तूप," म्हणाल्या. हे एकक मी पूर्वी ऐकलेलं नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार.

वहिनींनी घरघंटीवर गहू दळून दिले. तूप घरचं. आत्याने कोकोच्या डब्यावरचं सगळं मला मोठ्यांदा वाचायला लावलं. पास. सजावटीचे रंगीत दाणे जिलेटिनमुळे नापास.

वहिनी म्हणाल्या, "ताई, उद्या पहाटंच लावा ओव्हन. ह्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा हाय. नऊनंतर सगळ्यांच्या मोटारी चालू झाल्या की मळ्यात लाईट डिम होती." मी आभार मानले. वहिनींची विजेबद्दलची माहिती अनुभवातून आलेली आहे. ओव्हन २३० व्होल्टचा आहे, तसं मागे लिहिलेलं आहे. शिवाय पहाटे मंदिरात जायचं असतं.

वेळापत्रक: ११:४५ ओव्हन सुरू. १२:२५ भाजायला. १:०० बाहेर. ३:०० वाटप. सूर्यास्ताला तीन तास तीन मिनिटं शिल्लक. एवढं मार्जिन पुरेसं आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. अमावास्या.

स. ७:३०. मंदिरातून आलो. चहाबरोबर वहिनींनी आत्यापुढे लाडवाची ताटली ठेवली. आत्या म्हणाली, दाढ ठणकतीया, मागनं खातो. आणि बिनसाखरेचा चहा प्यायली. काल चकली खाताना दाढ ठीक होती. योगायोग.

दु. १२:२५. ट्रे आत.

१:००. मधलं तापमान ५४. ९७ पाहिजे. मीटर लावला: १६८ व्होल्ट. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ५३ टक्के. आमच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, पाण्याच्या अकरा मोटारी आहेत. दादाने आपली बंद केली. १७१ झालं. शेजारच्या बिराप्पांना जाऊन विचार म्हटलं, तर दादा म्हणाला, "काय सांगू त्यास्नी? भनीचा केक हाय, ऊस वाळू द्या?"

वहिनींनी मला पाणी आणून दिलं. ते जास्त वाईट.

३:०५. ९७. बाहेर काढली. रंग, उंची, कड: बॅच ५ पेक्षा सरस. आता फक्त थंड होणं. दोन तास, म्हणजे ५:०५. घटलेलं मार्जिन ५८ मिनिटं. तरीही पुरेसं.

आत्याने जेवणानंतर पुन्हा लाडू नाकारला. दाढ.

४:००. तापमान ६६. सुधारित वेळापत्रकात सजावट ४:०० ला, ती वेळ पाळली. दुधाच्या पिशव्यांचे कोन करून सगळे बसलो. वहिनींचा हात मेंदीचा आहे, पहिली चार कमळं ड्रॉइंगपेक्षा चांगली आली. पाचवं काढेपर्यंत पहिलं वितळून कडेला गेलं होतं. दादाने ट्रॅक्टर काढला, तोही गेला. दादा म्हणाला, "कमळ फुललं म्हनायचं, पन लयच फुललं." आप्पांनी न विचारता प्रत्येक चौकोनात एक बेदाणा दाबला. सोळाच्या सोळा जागेवर आहेत.

आत्या इतकी हसली की डोळे पुसत होती. मीही हसले असं दादा सांगतो. मला आठवत नाही.

४:४०. ५३. आयसिंगने वर थर धरलाय, उष्णता निघत नाही. हे गणितात नव्हतं. वहिनींनी पंख्याखाली ठेवू का विचारलं. नाही, एकदम गार केलं की तडे जातात.

५:००. ४६. आत्या ताटली घेऊन ओट्याजवळच्या स्टुलावर बसली आहे. दादा म्हणाला, काप की गं. मी ३० चा आकडा दाखवला. आप्पा म्हणाले, "आगं, खायचंय, गाडीला बसवायचं न्हाई." सूर्यास्ताला अजून तासभर आहे. कुणी घाई करू नये.

५:१५. ४२. आत्या उठली. ताटली धुऊन जागेवर ठेवली, मोरीत जाऊन चूळ भरली आणि जपाची माळ घेऊन आत गेली.

मी मागे गेले. म्हटलं, अजून ४८ मिनिटं आहेत.

"त्याच दोन घटका गं," ती म्हणाली. "दिवस बुडायच्या आदी दोन घटका तोंड बंद करतो मी. तुझी आई असल्यापास्नं."

म्हटलं, मला सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, "तू कुटं इचारलंस? कंपनीतल्या बाईचं हुतं न्हवं ते?"

त्यानंतर मी गोठ्यात गेले. म्हशीला पाणी आहे का बघायचं होतं. होतं. दहा मिनिटं बघितलं.

५:५८. ३० अंश. कापली. अतिशय सुबक कड. दादाने चार खाल्ल्या आणि एक नंबर म्हणाला. तो सगळ्यालाच म्हणतो.

आत्याने आज गोड काहीच खाल्लं नाही. साडेतीन महिने आणि एक दिवस. कारण दाढ नाही. फर्नेसवर मी प्रत्येक मर्यादेला मार्जिन विचारते, पहिल्या दिवसापासून. इथे मार्जिन विचारलं नाही; मर्यादाही विचारल्या त्या कंपनीतल्या एकीच्या नावाने.

निर्धार: पिठाची मर्यादा उद्या संध्याकाळी संपते. उद्या सकाळी ५:३० ला उठून ६:१५ ला ट्रे आत. मोटारी सुरू होण्याआधी भाजून तयार. अलार्म तीन लावलेत. या वेळी चूक होण्यासारखं काही उरलेलं नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.

स. ९:४०. उठले.

अलार्म तिन्ही वाजले होते. वहिनींनी येऊन बंद केले. आत्याने सांगितलं होतं, "झोपू दे पोरीला, काल च्यारला उठलीया."

स्वयंपाकघरात वास होता. ओव्हन पुसून ठेवलेला, कोमट. फ्रिजवरच्या पत्रकावर कोकोचे डाग. वहिनींनी ते बघत पहाटे बॅच केली. ग्रॅमच्या आकड्यांसमोर पेन्सिलने 'दीड वाटी', 'अर्धी वाटी' असं लिहिलंय. 'थंड करणे: १२० मिनिटे' ही ओळ खोडून पुढे 'नको'. आप्पा सांगतात, ट्रे बाहेर आला तशी आत्या वाटी-चमचा घेऊन उभीच होती. ब्राउनीचा चुरा झाला. तिने शिऱ्यासारखा चमच्याने खाल्ला, फुंकून फुंकून, उभ्याने.

म्हणजे नियम ब्राउनीने सुटला. ब्राउनी वहिनींची. सलग चौथं वर्ष.

मी हे बोलून दाखवलं नव्हतं. तरी आत्या म्हणाली, "लाडू कालपास्नं समोर हुता की. मी खाल्ला न्हाई. कागदावर नाव तुजं हाय, तवा तुजंच ते." कसं झालं होतं, असं विचारलं. तिने थोडा विचार केला. "कडू हाय जरा. पन खाल्लं मी सगळं." नंतर तोंड गोड व्हायला तिने एक लाडू खाल्ला.

क्रम महत्त्वाचा. आधी ब्राउनी, मग लाडू. तो नोंदवला.

माझ्यासाठी वाटीत ठेवली होती. खाल्ली. चुरा, बाहेरून गार, आतून ओलसर, आप्पांचे दोन बेदाणे. बॅच ५ पेक्षा बरी आहे, पण एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

'मंजुरी'च्या चौकटीत कुणीतरी आत्याचा अंगठा कोकोत बुडवून उठवलाय. आत्याला सही येते. दादाने करायला लावलं असणार.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज. परतीच्या एसटीत.

निष्कर्ष: प्रक्रिया पत्रक मूलतः बरोबर होतं.

वहिनींनी निघताना लाडवांचा डबा दिला, वर एक चिठ्ठी: तूप 'बसंल तेवढं', खाली खोडून '२१० ग्रॅम'. रात्री वजनकाटा त्यांनीच मागून नेला होता, तेव्हा कारण कळलं नव्हतं.

ओव्हन त्यांच्याकडेच ठेवला. एसटीत त्याचं लगेज लागतं.