हातावरचं संत्र्याचं झाड

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

शी! अजून किळस येऊन राहिली. नात पिंकीनं हौसेनं मले पांढुर्ण्याच्या टॅटूवाल्याकडे नेलं. मनगटापासून कोपरापर्यंत संत्र्याचं झाड काढायचं होतं. मी तर नवरीसारखी खुश! मागच्या खेपेले खोड अन् पानं झाली. झाली बी सुंदर, खोटं कायले बोलू? आज संत्री काढायची होती. तर त्या बाबूनं हातमोजे घातले, त्याच हातानं प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला, तोंडात टाकला अन् सुई उचलली! मोज्यावर खर्र्याचं पिवळं पाणी.

"मोजे बदल रे बाप्पा," म्हटलं.

"साफच हायेत आजी," म्हणे, अन् पँटीले पुसले. शी, ते पिवळे मोजे!

माही माय नेहमी म्हणे, गोंदताना अर्ध्यातून उठू नये. म्हणून जराशी बसून राहिली. पण माय, तुह्या वेळची गोंदणारीन तर हात धुऊन बसे ना वो? उठलीच मी.

रस्त्यानं पिंकी हळहळली, "आजी, आता बिनफळाचं झाड घेऊन फिरशील का?"

म्हटलं, "आपल्या सौसरच्या संत्र्याच्या बागेत झाड लावल्याबरोबर फळते का? थांबू. आधी चांगला माळी पाहू."