काचेतलं विवरणपत्र

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११.
डायरीत गुरुवार छापलाय. खोडून रविवार केला. डायरी दोन वर्षांपूर्वीची आहे. ह्यांना एक बिल्डर दर वर्षी पाठवायचा, सोबत काजूकतलीचा डबा. हे गेले त्या महिन्यात आली ती शेवटची. नंतर ना डायरी, ना डबा. माणसं लवकर विसरतात.

आजच्या पेपरात वाचकांना प्रश्न टाकलाय: सरकारी अधिकाऱ्यांनी आपलं उत्पन्न लोकांपुढे जाहीर करावं का? माझं मत: करावं. ज्याच्याकडे लपवायला काही नाही त्याला कसली भीती? जयवंत तळवडेकर बत्तीस वर्षं बांधकाम परवान्यांच्या टेबलावर बसले. कुणाकडून पेन्सिल घेतली नाही.

संकल्प: बिल्डिंगमधल्या चोवीस घरांचं मत वहीत घ्यायचं, सहीसकट. आधी माझं लिहिलं. करावं. गुढीपाडव्याला तळमजल्यावरच्या वाचनकट्ट्याला ह्यांच्या नावाची पाटी. सेक्रेटरी शिवदास राणे म्हणाला होता, "काकू, पाटीचं बघू, आधी लोकांचं मत काय पडतं ते पाहू." म्हणून मतच घेते.

चार वाजता दोन कप चहा टाकला. दुसरा गार झाल्यावर मीच प्यायले. रोजचं आहे.

५ फेब्रुवारी.
आठ घरं झाली. आठही 'करावं'. मुलुंडची माणसं सुशिक्षित. कारणाच्या रकान्यात एकाने लिहिलं, "म्हणजे कुठे किती द्यायचे ते तरी कळेल." थट्टा आहे. पण सही केली.

पहिल्या मजल्यावरच्या मीरा कांबळे, रिटायर्ड शिक्षिका, पेन हातात धरून बसल्या. म्हणाल्या, "कुंदाताई, हे तुम्हाला नक्की करायचंय का?" मी म्हटलं, शिकलेली बाई असून मत द्यायला घाबरता? त्यांनी सही केली. मी शाळेत गेले नाही, पण घाबरत नाही.

११ फेब्रुवारी.
दुसऱ्या मजल्यावरची सुगंधा. तिने 'करावं' खाली दोन रेघा ओढल्या आणि "एकेकाला उलटं टांगा" असं लिहिलं. मग मला आत बोलावून पोहे दिले. विचारलं, दहिसरच्या जागेला भाडेकरू मिळाला का. म्हटलं मिळाला. ती म्हणाली, "नशीबवान हो तुम्ही. आमच्या ह्यांनी आयुष्यभर नोकरी केली, एक मोरी नाही झाली जास्तीची." म्हटलं, काटकसर लागते गं.

दहिसरची जागा ह्यांनी माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला घेतली. माझ्याच नावावर. कर्ज काढलं असणार. एक हप्ता मला दिसू दिला नाही. असा स्वभाव.

१६ फेब्रुवारी. दुपारी.
ह्यांच्या ऑफिसच्या दारात चहा विकणारा धाकू आता आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावतो. तो बिल्डिंगचा नाही, वहीत धरायचा नाही, तरी मत विचारलं. म्हणाला, "वैनी, साहेब देवमाणूस. बाकीचे चार-चार फेऱ्या मारायला लावायचे. साहेबांकडे एका फेरीत काम. आणि रेट सगळ्यांना सारखा. बिल्डर असो नायतर माझ्यासारखा पत्रे बदलणारा, कमी-जास्त नाय."

इतकी समदृष्टी आज कुठे आहे? शब्दन् शब्द लिहून घेतला. पाटी लावताना शिवदासला वाचून दाखवायला सांगेन.

२० फेब्रुवारी.
चेंबूरहून चेतनाचा फोन. कुणीतरी तिला कळवलं. म्हणाली, "आई, ती वही बंद कर. बाबांचा फोटो आहे ना घरात? हार घाल, बस झालं. पाटी-बिटी काय?" म्हटलं, पाटीचा खर्च तुझ्याकडे मागणार नाही. ती म्हणाली, "खर्चाचं नाहीये गं." लग्न झालं की मुलींना बापाची किंमत राहत नाही.

१ मार्च.
सुगंधा वही मागायला आली. 'करावं' खोडलं, उलटं टांगणंही खोडलं, 'नको' लिहिलं. तिच्या मुलाला, सर्वेशला, सरकारी नोकरीची ऑर्डर आली आहे. म्हणाली, "पगारच केवढासा असतो, जाहीर काय करायचा? लोक उगाच नजर लावतात." अठरा दिवसांत मत फिरलं. अशा लोकांमुळे देश मागे राहिला.

६ मार्च.
फार मोठा विचार सुचला. दुसऱ्यांकडे मागायचं आणि आपण गप्प बसायचं, हे बरोबर नाही. हे दर वर्षी ऑफिसात विवरणपत्र भरून द्यायचे. घर, जागा, सोनं, कुणाच्या नावावर, पैसा कुठून आला, सगळं. शेवटच्या वर्षाची प्रत ट्रंकेत आहे. तीच लावते नोटीस बोर्डात.

ट्रंकेचं कुलूप फोडावं लागलं. किल्ली मला कधी मिळाली नाही. हे म्हणायचे उंदीर फार झालेत. उंदरांसाठी कुलूप लावणारा माणूस. हसू आलं, मग रडू आलं.

चार पानं. वरचं पान पगाराचं, ते वाचलं. पुढचं वाचलं नाही. नवऱ्याचे कागद वाचणं म्हणजे त्याचा खिसा तपासणं. स्टेशनजवळ लॅमिनेशन करून आणलं.

शिवदासने पानं उलटून पाहिली. तिसऱ्या पानावर थांबला. परत वाचलं. विचारलं, "काकू, चारही लावायची?" म्हटलं, लपवायचं काय? तो म्हणाला, "झकास." काचेचा बोर्ड उघडला, पानं ओळीने लावली, कुलूप घातलं. संध्याकाळच्या गाडीने शिमग्याला गावी गेला. पालखी आहे. तेवीसला येणार. किल्ली त्याच्या खिशात.

८ मार्च.
बोर्डासमोर गर्दी. लोक मोबाइलने फोटो काढतात. कुणी दुधाची पिशवी हातात धरून उभं राहून वाचतंय. ह्या बिल्डिंगमध्ये इतकं वाचन कधी झालं नव्हतं. वाचनकट्टा हेच नाव सार्थ झालं.

९ मार्च.
सुगंधा ब्लाउजपीस घेऊन आली. म्हणाली, "काकू, माझा पण एक घ्या ना शिवायला. गळा मागून खोल." म्हटलं, मी कुठे शिवते? ती हसत हसत जिना उतरली. डोक्यावर परिणाम झालाय. मुलाच्या नोकरीचा आनंद असेल.

१० मार्च.
दाराच्या कडीला तीन ब्लाउजपीस, एक पडदा आणि एक पँट. पँटला चिठ्ठी: "चेन बदलणे." सगळं परत नेऊन दिलं. प्रत्येक दारात हसणं. मला वाटतं शिमग्याची थट्टा असावी. पूर्वी लोक लाकडं चोरायचे, आता पँटी अडकवतात.

१२ मार्च. सकाळी ९.
काचेवर कुणीतरी मोफत नेत्रतपासणीचा मोठा कागद चिकटवला होता. बरोब्बर तिसऱ्या पानावर. जिन्यात मीराबाई भेटल्या. म्हटलं, तुम्हीच ना? त्या हो म्हणाल्या. "राहू द्या कुंदाताई, शिवदास येईपर्यंत राहू द्या." मी फार बोलले त्यांना. म्हटलं, दुसऱ्याच्या नवऱ्याचा मोठेपणा डोळ्यांत खुपतो, आधी तुमचेच डोळे तपासा. त्यांच्यासमोर कागद नखांनी खरवडून काढला. त्या तिथेच उभ्या राहिल्या.

मग मी पान तिसरं वाचलं.

अक्षर ह्यांचंच. सुरेख. "दहिसर येथील सदनिका, पत्नीचे नावे. पैशाचा मार्ग: पत्नीचे शिवणकाम, घरगुती, सन १९९८ पासून." त्याखाली सोनं. मार्ग: वरीलप्रमाणे. त्याखाली मनोरीची जमीन. मनोरीत आमची जमीन आहे हे मला माहीत नव्हतं. वरीलप्रमाणे.

सगळ्यात खाली माझी सही.

सही ह्यांनीच शिकवली. लग्नानंतर, पाटीवर, माझा हात धरून. कुंदा जयवंत तळवडेकर. तेवढीच शिकवली. हे बोट ठेवतील तिथे मी करायचे. बाकीचं मी चेतनाच्या पहिलीच्या पुस्तकावरून आपलं आपण शिकले. ह्यांना ते आवडायचं नाही. म्हणायचे, डोळे जातील.

मीराबाईंनी मला घरापर्यंत आणून सोडलं.

१३ मार्च.
शांतपणे विचार केला. शिवणकाम मी अजिबात केलं नाही असं नाही. उशांचे अभ्रे शिवले आहेत. चेतनाच्या फ्रॉकला झालर लावली होती, हाताने. एक परकर. ह्यांना माझ्या कामाचं कौतुक होतं, म्हणून वाढवून लिहिलं असेल. नवरे कुठे लिहितात बायकांचं काम? ह्यांनी लिहिलं.

दहिसरच्या जागेसाठी दिवसाला किती ब्लाउज शिवावे लागले असते ते काढायला बसले. मग पेन्सिल ठेवून दिली.

१६ मार्च.
चेतना आली. तिला म्हटलं, तुझ्या बाबांच्या हातून एक चूक झाली आहे. ती म्हणाली, "आई, मला दहावीपासून माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. धाकूसुद्धा द्यायचा." विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? म्हणाली, "तू कधी विचारलंस? काजूकतली तूच तर वाटायचीस बिल्डिंगभर."

नंतर म्हणाली, "तू वाचायला लागलीस ना, त्या वर्षी बाबांनी ट्रंकेला कुलूप आणलं." मी म्हटलं, उंदीर होते. मग तिने कुकर लावला.

धाकूच्या गाडीसमोरून आता जात नाही. मागच्या गल्लीने जाते. लांब पडतं.

२३ मार्च, रविवार.
शिवदास आला. सभा झाली. मी गेले. न जाणं म्हणजे कबूल करणं.

शिवदासने वही वाचून दाखवली. करावं, तेवीस. नको, एक. टाळ्या पडल्या. मग म्हणाला, "काकू, तुमची मागणी मंजूर. पाटी नामंजूर." मागून कुणीतरी ओरडलं, "पाटी लावा ना, कुंदा लेडीज टेलर्स!" सगळे हसले. पोहे देणारी सुगंधा डोळे पुसत हसली. मीराबाई उठून निघून गेल्या. कोणी कोणाला उलटं टांगलं नाही. ज्यांनी तेवीस मतं दिली त्यांतल्या निम्म्यांच्या ग्रिल ह्यांनीच पास केल्या होत्या, एका फेरीत. तेव्हा कुणाला हसू आलं नव्हतं.

बोलायला उभी राहिले. बरंच ठरवून गेले होते. म्हटलं, मी शिवायचे. एवढंच बाहेर आलं. हसणं परत वाढलं.

पानं लिफाफ्यात घालून परत दिली.

२४ मार्च.
संकल्प: ह्यांनी लिहिलंय ते खोटं राहू द्यायचं नाही. चेतनाच्या सासूचं जुनं मशीन पडून आहे. ते आणायचं. वर्षाला शंभर ब्लाउज. काम उशिरा केलं म्हणजे केलं नाही असं होत नाही.

२७ मार्च.
मशीन आलं. चेतनाने पट्टा घालून दिला. म्हणाली, "आई, कशासाठी?" म्हटलं, हात रिकामे राहतात. सुई दोनदा मोडली. सुगंधाच्या दारात जाऊन म्हटलं, दे तो ब्लाउजपीस. ती आधी हसली, मग घाबरली, मग दिला.

३० मार्च, गुढीपाडवा. दुपारी ४.
गुढी उभारली नाही. ब्लाउज पुरा करायचा होता.

झाला. गळा मागून खोल, सांगितल्याप्रमाणे. सुगंधाकडे नेला. तिने दारातच उलगडून पाहिला. दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या लागल्या होत्या. ह्या वेळी ती हसली नाही. "राहू दे हो काकू," म्हणाली. आतून पन्नासची नोट आणली, माझ्या मुठीत दाबली आणि दार लावलं.

उत्पन्न: पन्नास रुपये. मार्ग: शिवणकाम. लिहून ठेवलं.

चहा टाकला. एकच कप.